शहाण्याने लग्न करावे काय?

संसार आणि परमार्थ यांची ओढाताण हा आपल्या कीर्तनांतला नेहमीचा विषय आहे. पूर्वरंग संपतो, बुवा आख्यानाला हात घालतात, आणि कोणा ना कोणा संताची बायको घरात दाणा नाही म्हणून कुरकुर करीत दारात येते. श्रोते हसतात, त्या हसण्यात मंडपातील स्त्रियाही सामील असतात. परंतु या विनोदाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे, आणि तो केवळ आपल्याच देशाचा नाही. ज्याला ज्ञान मिळवावयाचे आहे, आयुष्य विचारात घालवावयाचे आहे, त्याने लग्न करावे की करू नये? हा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञांनी तेवीस-चोवीसशे वर्षांपूर्वी विचारला. त्यांनी दिलेली उत्तरे मध्ययुगातील विचारवंतांनी उचलली. युरोपात लॅटिनमधून, तर पूर्वेकडे अरबी व फारसीतून. या दुसऱ्या वाटेने त्यांतला काही भाग आपल्या दख्खनपर्यंत येऊन पोहोचला. हा प्रवास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. पूर्वजांचे विचार आपण जसेच्या तसे घेत नसतो, त्यांतून निवड करीत असतो, ही गोष्ट या इतिहासात फार स्पष्ट दिसते.

ग्रीक लोक या बाबतीत एका तोंडाने बोलत नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सॉक्रेटिसाची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. लग्न करावे की करू नये, असे कोणी विचारले असता, काहीही केलेस तरी पस्तावशील, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले म्हणतात. त्याची पत्नी झँथिपी हिला तर पुढच्या लोकांनी कजाग बायकोचा नमुनाच करून टाकले. आपल्याकडे तुकोबांच्या आवलीचे जे झाले तेच तिचे झाले. सॉक्रेटिसाचा शिष्य प्लेटो याने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात राज्याच्या रक्षकवर्गापुरता खाजगी संसारच काढून टाकला. त्या वर्गातील स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण द्यावे, राज्यरक्षणाच्या कामात घ्यावे, आणि मुले कोणा एकाची न मानता सर्वांची मानावीत, अशी त्याची योजना होती.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४ ते ३२२) अधिक व्यवहारी होता. गुरूची ही योजना त्याला मान्य नव्हती. राज्य घरांचे बनते, म्हणून घराचा विचार आधी केला पाहिजे, असे तो म्हणतो. पत्नी ही दासी नव्हे, हे त्याने स्पष्ट सांगितले. पतीची तिच्यावरील सत्ता स्वतंत्र नागरिकावरील सत्तेसारखी असावी, असे त्याचे मत. पण नागरिकांत सत्ता आळीपाळीने फिरते, घरात मात्र ती कायम पतीकडेच राहते, हेही त्याने तितक्याच सहजपणे लिहून टाकले. लग्नाचे योग्य वय त्याने मुलीला सुमारे १८ आणि पुरुषाला सुमारे ३७ असे दिले आहे. एवढ्या अंतरात बरोबरी कोठून येणार, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. तथापि नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने एक मोलाचा विचार मांडला. माणूस राज्य करून राहणारा प्राणी आहे खरा, पण त्याच्याही आधी तो जोडीने राहणारा प्राणी आहे. पती-पत्नींचे नाते ही एक मैत्री आहे. तीत उपयोग आहे, सुख आहे, आणि दोघेही सद्गुणी असतील तर ती सद्गुणांवर उभी राहिलेली मैत्रीही होऊ शकते.

आता ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस पाहा. वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याचे नाव घेतात. विवाहाविषयी त्याच्या नावावर एक पुस्तक होते. ते आज उपलब्ध नाही. त्यातील मजकूर चौथ्या शतकातील एका ख्रिस्ती पंडिताने उतरवून ठेवला म्हणून कळतो, आणि तो खरोखर थिओफ्रॅस्टसचाच की काय, याविषयी विद्वानांना शंका आहे. मजकूर मात्र मोठा झणझणीत आहे. शहाण्याने लग्न करू नये, कारण ग्रंथ आणि बायको या दोघांची सेवा एकाच वेळी होत नाही. तिला दागिने हवेत, वस्त्रे हवीत, आणि रात्रभर गाऱ्हाणी ऐकावी लागतात. घर सांभाळायला विश्वासू नोकर पुरतो. बाजारात घोडा, बैल, कुत्रा, एवढेच काय, मातीचे भांडेही पारखून घेता येते. बायको तेवढी न पारखता घ्यावी लागते!

हा शेवटचा दाखला आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या भागातल्या आठवडी बाजारात बैल घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. मडके घेणारी बाई त्याला टिचकी मारून आवाज ऐकते. आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही आपण जाणतोच. चालून दाखव, वाचून दाखव, स्वयंपाक येतो का, हे सारे विचारून झालेले असते. म्हणजे थिओफ्रॅस्टसची तक्रार आपण केव्हाच दूर केली म्हणावयाची! परंतु त्याच्याही ध्यानात एक गोष्ट आली नाही, आणि आपल्याही फारशी येत नाही. ती मुलगीदेखील नवरा न पारखताच घेत असते. तिच्या बाजूची टिचकी कोणी मारावयाची?

याला उत्तर देणारा एक माणूस प्राचीन काळी होऊन गेला. म्युसोनियस रूफस हा इ. स. च्या पहिल्या शतकात रोममध्ये शिकवणारा स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ. विवाह हा तत्त्वचिंतनाच्या आड येत नाही, असे त्याने सांगितले. लग्नाचे सार मुले होण्यात नसून दोघांनी सर्व गोष्टींत एकमेकांची काळजी वाहण्यात आहे, आणि तत्त्वज्ञान शिकण्याचा अधिकार स्त्रियांनाही आहे, हे त्याचे मत. दुर्दैवाने त्याचे विचार ग्रीक भाषेतील उताऱ्यांच्या रूपानेच उरले, आणि पश्चिम युरोपातील मध्ययुगीन पंडितांना ग्रीक क्वचितच येत असे. म्हणून त्यांच्या हाती म्युसोनियस लागला नाही, थिओफ्रॅस्टस लागला.

तो हाती देणारा पंडित म्हणजे संत जेरोम. जोव्हिनियन नावाच्या एका साधूने असे प्रतिपादन केले होते की, विवाहित आणि ब्रह्मचारी यांची योग्यता ईश्वरापुढे सारखीच आहे. त्याचे खंडन करण्यासाठी जेरोमने इ. स. ३९३ च्या सुमारास ग्रंथ लिहिला, आणि ब्रह्मचर्य श्रेष्ठ ठरविण्यासाठी थिओफ्रॅस्टसचे ते पुस्तक साक्षीला आणले. येथे गंमत पाहण्यासारखी आहे. ग्रीक तत्त्वज्ञाचा आक्षेप अभ्यासात व्यत्यय येतो एवढाच होता. त्याला मोक्षाची चिंता नव्हती. जेरोमने तो आक्षेप उचलला आणि त्याला वैराग्याची भगवी छाटी नेसवली. पुढे सात-आठशे वर्षे मठांतून आणि विद्यापीठांतून हा उतारा फिरत राहिला.

त्याचा सर्वांत हृदयद्रावक उपयोग एका स्त्रीने केला. बाराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये ॲबेलार्ड हा नामांकित तर्कशास्त्री शिकवीत असे. एलोईज ही त्याची विदुषी शिष्या. दोघांचे प्रेम जमले, मूल झाले, आणि ॲबेलार्डने लग्नाची तयारी दाखविली. नकार दिला तो एलोईजने. ॲबेलार्डने पुढे आपल्या आत्मवृत्तात तिचा युक्तिवाद दिला आहे. पाळणा आणि लिहिण्याची मांडणी, चरखा आणि लेखणी ही एका खोलीत कशी नांदतील, असे तिने विचारले, आणि साक्षीला थिओफ्रॅस्टस व जेरोम काढले. पुरुषांनी बायकांविरुद्ध रचलेला युक्तिवाद एका बाईने प्रियकराच्या विद्येचे रक्षण करण्यासाठी वापरला. तिच्या स्वतःच्या विद्येचे काय होणार, हे त्या ग्रंथांत लिहिलेले नव्हते. अखेर लग्न गुपचूप झाले. तिच्या चुलत्याच्या माणसांनी ॲबेलार्डवर हल्ला करून त्याला कायमचे पंगू केले, आणि दोघेही मठवासी झाले.

यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी वारा फिरला. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपूर्ण लॅटिन भाषांतर रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने १२४६-४७ च्या सुमारास केले, आणि राज्यशास्त्राचे भाषांतर मोर्बेकेच्या विल्यमने १२६० च्या सुमारास. संन्यासी असलेल्या टॉमस ॲक्वायनसने हे ग्रंथ अभ्यासले, आणि जेरोमला न सापडलेला शब्द त्याला सापडला, तो म्हणजे मैत्री. पती-पत्नींमध्ये सर्वांत मोठी मैत्री असते, असे त्याने लिहिले. त्यावरून त्याने एकपत्नीत्वाचा नियम काढून दाखविला. मैत्रीला बरोबरी लागते. स्त्रीला एकच पती आणि पुरुषाला अनेक पत्नी असतील, तर ते नाते मैत्रीचे न राहता दास्याचे होईल, असा तो युक्तिवाद आहे. भारतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची बंदी देशभर कायद्याने झाली ती १९५५ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तिवादाचे बळ कळते. परंतु याच ॲक्वायनसने दुसऱ्या ठिकाणी असेही लिहिले की, स्त्री पुरुषाची साहाय्यक आहे ती संततीच्या कामी. इतर कामांत पुरुषाला दुसऱ्या पुरुषाचीच मदत अधिक उपयोगी. ॲरिस्टॉटलमधला प्रकाश त्याने घेतला, आणि सावलीही घेतली.

आता पूर्वेकडे वळू. आठव्या ते दहाव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली. विवाहाच्या बाबतीत तेथे वजन पडले ते ब्रायसन नावाच्या एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या लेखकाचे. त्याचे घरकारभारावरील पुस्तक मूळ ग्रीकमध्ये जवळजवळ नाहीसे झाले, पण अरबीत टिकले. त्याचे चार भाग आहेत: पैसा, नोकर, पत्नी आणि मुले. पत्नी पैशाच्या आणि नोकरांच्या पाठोपाठ येते, यावरून त्या विचाराची दिशा ओळखावी. वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सीना (९८० ते १०३७) याच्या नावे याच विषयावरील एक प्रबंध आहे, आणि ही परंपरा पुढे नसीरुद्दीन तूसी या थोर गणिती व ज्योतिर्विद पंडिताकडे आली. तूसीने १२३५ च्या सुमारास फारसीत ‘अख्लाक-इ-नासिरी’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे तीन भाग: स्वतःचे शील, घराची व्यवस्था, आणि राज्याची व्यवस्था. मधल्या भागाला तो ‘तदबीर-इ-मंजिल’ म्हणतो. मंजिल म्हणजे घर आणि तदबीर म्हणजे व्यवस्था.

तूसीच्या मते चांगली पत्नी ही पतीच्या मालमत्तेची भागीदार, घरकारभारातली सोबतीण, आणि तो परगावी असताना त्याची प्रतिनिधी असते. दोन बायका करू नयेत, असा त्याचा सल्ला आहे, आणि त्याला दिलेला दृष्टान्त सुंदर आहे: पुरुष घरात शरीरातील हृदयासारखा असतो, आणि एका हृदयाने दोन शरीरे जगत नाहीत. इतके चांगले सांगून तो पुढे म्हणतो, पत्नीवर प्रेम फार असले तरी तिला ते कळू देऊ नये, महत्त्वाच्या बाबतीत तिचा सल्ला घेऊ नये, आणि तिच्यावर वचक ठेवता येत नसेल त्याने अविवाहित राहावे. हे दोन्ही आवाज एकाच पुस्तकात आहेत. याच परंपरेत एक वेगळा सूर स्पेनमधील इब्न रुश्द (११२६ ते ११९८) याने लावला होता. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य करताना त्याने लिहिले की, आमच्या नगरांत स्त्रियांची योग्यता कळतच नाही, कारण त्यांना केवळ संततीसाठी राखून वनस्पतींसारखे करून ठेवले आहे, आणि नगरांच्या दारिद्र्याचे हे एक कारण आहे. त्या भाष्याची मूळ अरबी प्रत नष्ट झाली. हिब्रू भाषांतरामुळे ते वाचले. तूसीचा ग्रंथ मात्र सर्वत्र वाचला गेला.

‘सर्वत्र’ यात आपला देशही आला. अकबरासमोर जे ग्रंथ वाचून दाखवीत त्यांत ‘अख्लाक-इ-नासिरी’ होता, अशी नोंद अबुल फजलने केली आहे. शाहजहानच्या पदरी असलेला मुन्शी चंद्रभान ब्राह्मण याने आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात हे ग्रंथ वाचण्याची शिफारस केली. म्हणजे त्यांचा वाचक केवळ मुसलमान नव्हता. फारसी शिकून दरबारात नोकरी करणारा कोणीही होता. दख्खनमध्ये बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली बीदरला बांधलेला मदरसा प्रसिद्ध आहे. त्याचा इराणातील विद्वानांशी पत्रव्यवहार होता. फारसी ही पुढे मोगलांची आणि निजामशाहीची कारभाराची भाषा राहिली, आणि हिंगोलीचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. फारसी शिकलेल्या आपल्याकडील अधिकारीवर्गाच्या घरगुती नीतिविचाराला ग्रीसपासून आलेला हा एक झरा मिळालेला होता.

आता एका सनाकडे लक्ष द्यावे. टॉमस ॲक्वायनस १२७४ साली वारला, आणि नसीरुद्दीन तूसीही त्याच १२७४ साली वारला. त्या वर्षी, परंपरेने १२७० हे जन्मसाल धरले तर, नामदेव चार वर्षांचा होता. त्याचे गाव नरसी, आपल्याच जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी, असे परंपरा मानते. ग्रीक ग्रंथांशी नामदेवांचा काडीइतकाही संबंध नव्हता. परंतु शहाण्याने लग्न करावे काय, हा प्रश्न त्यांच्याही भोवती होताच. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पत्नी असताना त्यांनी काशीत संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, आणि त्याचे प्रायश्चित्त त्यांच्या मुलांना, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताबाई यांना, भोगावे लागले. ज्ञान आणि गृहस्थी यांची अशी फारकत मानणाऱ्या समाजात नामदेव संसारात राहूनच संत झाले.

त्यांच्या परंपरेने एक असे काम केले जे थिओफ्रॅस्टसने, जेरोमने वा तूसीने केले नाही. नामदेवांच्या गाथेत त्यांच्या पत्नीच्या, राजाईच्या, नावावरचेही अभंग आहेत. नवऱ्याला विठ्ठलाचा ध्यास लागला, घराकडे त्याचे लक्ष नाही, अन्नवस्त्राची ददात आहे, अशी तिची गाऱ्हाणी त्यांत येतात. थिओफ्रॅस्टसच्या पुस्तकात शहाणा पुरुष बायकोच्या कुरकुरीबद्दल कुरकुरतो. बायकोची बाजू त्यात नाही. येथे ती कुरकुर स्वतः बोलते, आणि ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्याच अभंगांच्या शेजारी वारकऱ्यांनी तिला जागा दिली. कीर्तनात आपण तिला हसतो खरे, पण ती बाई तेथे उभी आहे, हेच महत्त्वाचे.

पुढे सतराव्या शतकात वैजापूरजवळच्या शिऊरला समाधिस्थ झालेली तुकोबांची शिष्या बहिणाबाई आली. तिच्या आत्मचरित्रपर अभंगांत भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ल्याची हकीकत आहे, आणि पतीचे मन पालटल्याचीही आहे. तिने संसार सोडला नाही आणि परमार्थही सोडला नाही. ग्रीकांपासून तूसीपर्यंत सर्वांनी प्रश्न पुल्लिंगी विचारला होता: शहाण्याने लग्न करावे काय? बहिणाबाईने तो स्त्रीलिंगी करून जगून दाखविला: शहाणीने काय करावे?

आज हा प्रश्न मठात किंवा मदरशात विचारला जात नाही. तो आपल्या ओसरीवर, सोयरीक जुळविताना विचारला जातो. बारावी झालेल्या मुलीचे लग्न ठरते तेव्हा, पुढचे शिक्षण सासरी बघू, असे अजूनही अनेक घरांत म्हटले जाते, आणि तिची पुस्तके माळ्यावर जातात. त्या क्षणी आपण नकळत थिओफ्रॅस्टसचेच म्हणणे मान्य करीत असतो, की पुस्तक आणि संसार एका घरात नांदत नाहीत. फक्त पुस्तक कोणाचे जावयाचे एवढे आपण बदललेले असते. सोयरिकीत मुलगी घरकारभाराला कशी आहे एवढेच पाहणारा ब्रायसनच्या पंक्तीला बसतो. मुलीशी विचारपूस करून, तिच्या पसंतीला मान देऊन लग्न ठरविणारा त्या मैत्रीच्या विचाराजवळ जातो.

पूर्वजांनी आपल्यासाठी एकच उत्तर ठेवलेले नाही, पुष्कळ ठेवली आहेत. पश्चिमेतील मध्ययुगीन पंडितांच्या हाती म्युसोनियस नव्हता, ही त्यांची अडचण होती. आपल्या हाती ॲरिस्टॉटलची मैत्री आहे, इब्न रुश्दाची खंत आहे, आणि नामदेवांच्या राजाईचे गाऱ्हाणेही आहे. पुढच्या वेळी पाहुणे येतील, चहा होईल, मुलगी खाली मान घालून बसेल, तेव्हा तिला दोन प्रश्न विचारून झाल्यावर थोडे थांबावे, आणि तुला काय विचारावयाचे आहे, असे तिलाही म्हणावे, एवढेच आमचे सांगणे आहे.